गाडीतून घरात: प्रवासाहून आलेलं नवं पिल्लू रुळवताना

गाडीत आठ तास शहाण्यासारखं बसलेलं कुत्र्याचं पिल्लू घरी पोचल्यावर तासाभरात तीन ठिकाणी शू करतं, वाटीतल्या खाण्याकडे ढुंकूनही पाहत नाही आणि रात्री दोनपर्यंत केकाटत राहतं. प्रवासात इतकं गुणी होतं, मग आता काय बिघडलं, असा प्रश्न घरातल्यांना पडतो. बिघडलेलं काही नसतं. गाडीत त्याला जागा हातभर होती, माणूस सतत शेजारी होता आणि दर दोन तासांनी कुणीतरी उतरवून शू करवत होतं. घरी आल्यावर जागा मोकाट, माणसं सामान लावण्यात गुंतलेली आणि शूची आठवण कुणालाच नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्याचं काम सरळ आहे. गाडीतल्या या तीन गोष्टी आधी जशाच्या तशा घरात आणायच्या आणि मग एकेक सैल करत जायची.

पुढचं सगळं 8 ते 16 आठवड्यांच्या पिल्लाला धरून लिहिलं आहे. या वयात लसी अर्धवट असतात, मूत्राशयावर ताबा नसतो आणि दिवसाला 18 ते 20 तास झोप लागते. प्रवासात सगळ्यात जास्त मार बसतो तो झोपेलाच. थांबे, हॉर्न, अनोळखी हात यांत पिल्लू डुलक्या काढतं, पण गाढ झोपत नाही. घरी आल्यावर पहिले दोन दिवस दिसणारा चावरेपणा आणि वेड्यासारखं गोल गोल धावणं ही बहुतेक वेळा झोप न झालेल्या बाळाची किरकिर असते. तिला खेळणं हा उपाय नाही, अंधारी आणि शांत जागा हा उपाय आहे.

आत नेण्याआधी

दोघं असाल तर एकाने पिल्लाजवळ थांबावं आणि दुसऱ्याने आत जाऊन जागा लावावी. एकटे असाल तर ही तयारी प्रवासाला निघण्यापूर्वीच करून ठेवलेली बरी. पिल्लाला बंद गाडीत ठेवून 'आलोच' म्हणून जाऊ नका. उन्हात उभ्या गाडीच्या आतलं तापमान दहा मिनिटांत सुमारे 10 अंश सेल्सिअसने चढतं, आणि काच बोटभर खाली केल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

जागा म्हणजे एकच खोली, आणि त्या खोलीतही एक कोपरा. चार बाय सहा फुटांचं जाळीचं कुंपण उत्तम. त्याच्या एका टोकाला अंथरूण किंवा क्रेट (झोपण्याचा जाळीचा पिंजरा), मध्ये जड बुडाची पाण्याची वाटी आणि चावायला रबरी खेळणं, दुसऱ्या टोकाला शू शोषून घेणारं पॅड. क्रेट एवढाच हवा की पिल्लाला उभं राहता येईल, वळता येईल आणि पाय ताणून झोपता येईल. पुढे पिल्लू मोठं होईल म्हणून आत्ताच मोठा क्रेट घेतला असेल तर मधे आडवी जाळी किंवा पुठ्ठा लावून जागा कमी करा. जागा मोकळी राहिली की पिल्लू एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात शू करतं.

फरशी गुळगुळीत असेल तर खरबरीत सतरंजी किंवा रबरी चटई अंथरा. पाय चारी दिशांना फाकत घसरणारं पिल्लू आधी घाबरतं, मग चालायचंच टाळतं, आणि वाढत्या सांध्यांवर ताण येतो तो वेगळाच. मग गुडघ्यांवर टेकून खोलीकडे पिल्लाच्या उंचीवरून एकदा पाहा. चार्जरच्या वायरी, चपला, कचऱ्याचा डबा, कुंडीतली माती, टेबलाच्या काठावरून लोंबणारी पर्स, हे उभ्याने दिसत नाही. पर्समधली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी, चॉकलेट, मनुके, झायलिटॉल घातलेला शुगर-फ्री च्युइंग गम, यांतलं काहीही पिल्लाला विषासमान आहे.

प्रवासात ज्या चादरीवर ते झोपलं ती धुवायला टाकू नका. तिच्यावर ओकलं असेल तर तेवढा भाग पुसून घ्या. नव्या घरात ओळखीचा वास फक्त त्या चादरीलाच असतो.

पहिला तास

गाडीचं दार उघडण्याआधी पट्टा आणि दोरी लावा. घाबरलेलं पिल्लू उघड्या दारातून निसटायला एक क्षण पुरतो, आणि नव्या जागी पळालेल्या पिल्लाला परत यायची वाट माहीत नसते. पट्ट्यावर फोन नंबर असलेला बिल्ला आजच अडकवा.

घरात शिरण्याआधी शूच्या जागेवर. ही जागा अशी निवडा जिथे बाहेरची कुत्री येत नाहीत. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाला सार्वजनिक हिरवळीवर सोडणं धोक्याचं, कारण पार्व्होचा, म्हणजे उलट्या-जुलाबाच्या जीवघेण्या आजाराचा, विषाणू मातीत अनेक महिने जिवंत राहतो. तशी जागा नसेल तर गॅलरीतलं पॅड चालेल. तिथे उभे राहा आणि काही करू नका. बोलणं नाही, लाड नाही. पाच मिनिटं वाट पाहा. शू सुरू झाली की नेहमी वापरायचा तो एक शब्द हळू आवाजात म्हणा, आणि पूर्ण संपल्यावर, पुढच्या एक-दोन सेकंदांतच, खाऊचा कण द्या. मधेच 'शाब्बास' म्हटलं तर पिल्लू अर्ध्यावर थांबून तुमच्याकडे धावतं आणि उरलेली अर्धी आत येऊन करतं. पाच मिनिटांत काही झालं नाही तर उचलून आत न्या, दहा मिनिटं मांडीवर किंवा कुंपणात ठेवा आणि पुन्हा बाहेर आणा. मधल्या वेळात जमिनीवर मोकळं सोडलं की खेळ संपलाच समजा.

आत आल्यावर पाणी. वाटी भरून देऊ नका. लहान पिल्लाला दोन-तीन मोठे चमचे, मग पंधरा मिनिटांनी पुन्हा तेवढंच. प्रवासात मळमळलेलं पोट एकदम भरलं की सगळं बाहेर येतं, आणि मग माणसाला वाटतं पिल्लू आजारी आहे.

या पंधरा मिनिटांत पिल्लाला मांडीवर घेऊन तपासा. वरचा ओठ हलकेच उचला आणि हिरडीवर बोट दाबा. तो भाग पांढरा पडतो आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरडी ओलसर आणि निसरडी लागली तर ठीक, बोटाला चिकट लागली तर शरीरात पाणी कमी आहे. मानेची त्वचा चिमटीत धरून पाहायची पद्धत पिल्लांत फारशी भरवशाची नाही, हिरडी जास्त खरं सांगते. नंतर गोचीड शोधा. कानांच्या आत आणि मागे, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, बोटांच्या मधे. सापडली तर टोकदार चिमट्याने त्वचेला अगदी लागून पकडा आणि सरळ, सावकाश ओढा. तेल, रॉकेल, जळती काडी असले उद्योग करू नका. त्याने गोचीड आपल्या पोटातलं जखमेत ओकते आणि रोग जाण्याची शक्यता वाढते. जागा जंतुनाशकाने पुसा आणि कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा, ती पुढे उपयोगी पडते. घरात मोठ्या कुत्र्याचं गोचिडीचं औषध असेल तर त्यातलं 'थोडंसं' पिल्लाला लावू नका. या औषधांना वय आणि वजन दोन्हींची मर्यादा असते.

अंघोळ आज नाही. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा, एवढं पुरे.

खाणं पोचल्यापासून तासाभराने, नेहमीच्या निम्मं. ते पचलं, उलटी झाली नाही, तर दोन-तीन तासांनी उरलेलं निम्मं. एका वेळेला तोंड फिरवलं तर घाबरू नका, पण अगदी छोट्या जातीच्या पिल्लाला हा नियम लागू नाही. दीड-दोन किलोच्या आतलं पिल्लू काही तास उपाशी राहिलं तरी रक्तातली साखर उतरू शकते. ते मलूल होतं, झोकांड्या खातं, अंग थरथरतं. अशा वेळी मध किंवा साखरेचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांवर चोळा आणि तडक डॉक्टरकडे न्या. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं.

हे सगळं झालं की झोप. नातेवाईक, शेजारी, फोटो, सगळे उद्या किंवा परवा.

पोट

वळणांवर ओकणारी बरीच पिल्लं मोठी झाल्यावर ओकत नाहीत, कारण तोल सांभाळणारा आतल्या कानाचा भाग या वयात पुरता तयार नसतो. लाळ गळणं, वरचेवर जांभया, ओठ चाटणं ही मळमळीची लक्षणं गाडीतून उतरल्यावर एक-दोन तासांत ओसरायला हवीत. घरी आल्यावर चार-पाच तासांनीही उलट्या चालू असतील तर गाडीला दोष देऊन चालणार नाही.

दुसऱ्या दिवशी पातळ शी होणं फार नेहमीचं आहे. ताणाने मोठं आतडं बिथरतं आणि थोडी थोडी, वारंवार, शेंबडासारखा चिकट पदार्थ मिसळलेली शी होते. पिल्लू खेळत असेल, खात असेल, पाणी पीत असेल तर दिवसाचं खाणं चारऐवजी पाच-सहा छोट्या वाटण्यांत द्या आणि चोवीस तास पाहा. माणसाची जुलाबाची गोळी देऊ नका. रक्त दिसलं, तीनपेक्षा जास्त उलट्या झाल्या किंवा पिल्लू नुसतं पडून राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टर. या वयात जुलाबाने अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं, 'सकाळी बघू' म्हणायची सोय नसते.

घरोघरी होणारी चूक म्हणजे घरी आल्याआल्या खाणं बदलणं. प्रवासात साधं दिलं, आता चांगल्या प्रतीचं देऊ, असं वाटतं. पण मग जुलाब ताणाचे की नव्या खाण्याचे की आजाराचे, हे कुणालाच सांगता येत नाही. पहिले चार दिवस जे खात होतं तेच. नंतर दोन दिवस पाव हिस्सा नवं, दोन दिवस निम्मं, दोन दिवस पाऊण, आणि मग पूर्ण. शी पातळ झाली की एक पायरी मागे या.

पहिल्या रात्री

क्रेट तुमच्या पलंगाला लागून ठेवा, शक्य असेल तर तुमच्या उशीच्या उंचीवर, खुर्चीवर नीट टेकवून. लोंबता हात जाळीला लागला तरी पिल्लू शांत होतं. 'रडू द्या, दोन दिवसांत सवय होते' हा सल्ला पहिल्या आठवड्यात पाळू नये. आईपासून आणि भावंडांपासून तुटलेलं, त्यात अनेक तास कुणाच्या तरी मांडीवर आलेलं पिल्लू दूरच्या खोलीत रडून थकतं आणि झोपतं हे खरं. पण त्या आधी त्याने क्रेटमध्ये लाळ गाळलेली असते, नखं झिजवलेली असतात, शू केलेली असते. पुढे महिनाभर ते क्रेटजवळ फिरकत नाही.

झोपण्याआधी दोन तास खाणं बंद. पाणी मात्र गरम हवेत किंवा पातळ शी होत असताना तोडू नका. झोपायच्या आधी शू, आणि पहिल्या रात्री दर तीन तासांनी गजर लावून शू. रडून उठवण्याची वाट पाहिली तर रडलं की दार उघडतं, हा धडा पहिल्याच रात्री पक्का होतो. रात्रीची फेरी कंटाळवाणी हवी. दिवा मंद, बोलणं नाही, उचलायचं, शू, परत क्रेट. दोन रात्री कोरड्या गेल्या की गजर अर्ध्या तासाने पुढे सरकवा.

रडण्यातही फरक असतो. क्रेटमध्ये ठेवल्याठेवल्या सुरू होणारी, चढणारी-उतरणारी कुईकुई बहुतेक वेळा तक्रार असते. जाळीवर हात ठेवून पाच मिनिटं थांबा. गाढ झोपेतून उठून अचानक सुरू झालेलं, मधे खंड नसलेलं तीव्र रडणं म्हणजे शू किंवा पोट. तेव्हा लगेच उठा. क्रेट रात्री चार-पाच दिवसांनी हातभर सरकवायला लागा. पलंगापासून दारापर्यंतचा प्रवास तीन आठवड्यांचा धरा.

शूचं वेळापत्रक

पिल्लाचं वय महिन्यांत, अधिक एक, इतके तास हा दिवसा शू धरून ठेवण्याचा ढोबळ हिशेब. तीन महिन्यांचं पिल्लू जास्तीत जास्त चार तास धरेल. ही कमाल मर्यादा आहे, आणि तीही शांत असताना. जागं आणि खेळतं पिल्लू दर पाऊण ते एक तासाने न्यायचं. शिवाय झोपेतून उठल्याबरोबर लगेच, खेळ संपल्यावर, खाल्ल्यानंतर पाच ते तीस मिनिटांत.

शू येण्याआधीचा क्षण ओळखता आला की निम्मं काम होतं. खेळणारं पिल्लू मधेच थांबतं. नाक खाली जातं. आधी हुंगत लांब जातं, मग एकाच जागेभोवती फिरायला लागतं, वर्तुळ लहान होत जातं आणि मागचे पाय किंचित फाकतात. वर्तुळ सुरू झाल्यापासून तुमच्या हातात तीन-चार सेकंद असतात. ओरडू नका. टाळी वाजवून लक्ष वेधा, पोटाखाली हात घालून उचला आणि जागेवर न्या.

आत झालीच तर शिक्षा करायची नाही, नाक तर मुळीच घासायचं नाही. त्यातून पिल्लू माणसांसमोर शू करायचं नाही एवढंच शिकतं, आणि मग बाहेर तुम्ही दोरी धरून उभे असताना करत नाही, आत येऊन पलंगाखाली करतं. जागा आधी कागदाने टिपून घ्या, घासू नका, नाहीतर शू सतरंजीच्या धाग्यांत उतरते. मग पाळीव प्राण्यांसाठी मिळणारं एन्झाइम असलेलं क्लीनर ओतून बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच राहू द्या. लगेच पुसून घेतलं तर एन्झाइमला काम करायला वेळच मिळत नाही. अमोनिया असलेलं क्लीनर वापरू नका, त्याचा वास शूसारखाच असतो. फिनेलने पुसलेली फरशी पुरती सुकेपर्यंत पिल्लाला खाली सोडू नका, ते पंजे चाटतं.

एका दिवसात दोनपेक्षा जास्त वेळा आत झाली तर चूक वेळापत्रकात आहे. अंतर कमी करा किंवा जागा कमी करा. तीन दिवस एकही न झाल्यावर दुसरी खोली उघडा, तीही तुम्ही सोबत असताना. दर दहा मिनिटांनी थेंब थेंब होत असेल, करताना कण्हत असेल तर ते शिकवण्याचं प्रकरण नाही. तो मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो.

एकटं राहणं

प्रवासाचं खरं कर्ज इथे फेडावं लागतं. सलग काही दिवस चोवीस तास माणूस जवळ असलेल्या पिल्लाला एकटेपण म्हणजे काय हेच माहीत नसतं. सुट्टी संपून सोमवारी सगळे कामावर गेले की तोल जातो. म्हणून घरी आल्यानंतर किमान चार-पाच दिवस कुणीतरी घरी राहील असं बघा आणि तिसऱ्या दिवसापासून सराव सुरू करा.

पिल्लू नुकतंच शू करून आलेलं, पेंगुळलेलं असताना त्याला कुंपणात चावायची वस्तू द्या आणि खोलीतच दोन हात लांब बसा. मग दारात उभे राहा. मग दाराबाहेर दहा सेकंद, तीस सेकंद, दोन मिनिटं. रडायला लागायच्या आत परतायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. वेळ ओळीने वाढवत नेऊ नका. दोन मिनिटांनंतर पुन्हा वीस सेकंद, मग तीन मिनिटं, मग एक, असं वर-खाली ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी आधीपेक्षा जड जात नाही. जाताना-येताना गळामिठ्या नकोत. दिवसाला पाच-सहा छोटे सराव, आणि आठवड्याअखेर वीस-तीस मिनिटांपर्यंत पोचलात तर छान गती आहे. चपला, किल्ल्या, पिशवी उचलून बाहेर न जाता परत ठेवणं हाही सराव आहे.

घरात आधीचा कुत्रा असेल तर पहिली भेट घराबाहेर, दोघांच्याही दोऱ्या सैल ठेवून, शेजारी शेजारी चालत. आत आल्यावर खाण्याच्या वाट्या वेगळ्या खोल्यांत. मोठा गुरगुरला तर त्याला रागावू नका, पिल्लाला बाजूला घ्या. मांजर असेल तर तिला उडी मारून चढता येईल अशी उंच जागा आणि पिल्लाला दोरी. मुलांना एकच नियम पुरतो: क्रेटमधल्या पिल्लाला हात लावायचा नाही.

दहा दिवस डोळ्यांत तेल

दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडे न्या. लसींची पुस्तिका, जंताचं शेवटचं औषध कधी दिलं ती तारीख, वाटेत कुठल्या कुत्र्यांशी संपर्क आला आणि गोचीड केव्हा निघाली, हे सगळं एका कागदावर लिहून न्या. पिल्लांच्या लसी 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू होतात आणि दर दोन ते चार आठवड्यांनी, किमान 16 आठवड्यांचं होईपर्यंत दिल्या जातात. मधला डोस प्रवासात चुकला असेल तर पुढे काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. जास्तीच्या दोन दिवसांनीही काही बिघडत नाही असं समजून लांबवू मात्र नका.

वाटेत उचललेले आजार घरी आल्यावर दिसतात, आणि तोवर प्रवास विसरलेला असतो. पार्व्हो साधारण तीन ते सात दिवसांत, कधी दोन आठवड्यांपर्यंत. आधी सुस्ती आणि खाण्याला नकार, मग उलट्या, मग फार दुर्गंधीची, बऱ्याचदा रक्ताची शी. अशी शंका आली तर दवाखान्यात आधी फोन करा, म्हणजे इतर पिल्लांजवळ तुम्हाला बसवणार नाहीत. घशात काही अडकल्यासारखा, खाकरून येणारा कोरडा खोकला दोन दिवसांपासून दोन आठवड्यांत दिसू शकतो. असलं पिल्लू दोरी गळ्यातल्या पट्ट्याला न लावता हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, लावून न्यावं. गोचीडतापाला एक ते तीन आठवडे लागतात. ताप, फिकट हिरड्या, गडद रंगाची शू, नाकातून रक्त यांतलं काही दिसलं तर कॅलेंडरवरची ती तारीख डॉक्टरांना सांगा. पिल्लाचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं, त्यामुळे माणसाच्या हिशेबाने '101 म्हणजे ताप' असं धरू नका. नाक गार की गरम यावरूनही काही ठरत नाही.

आजाराच्या भीतीने पिल्लाला पूर्ण कोंडूनही चालत नाही. जग ओळखीचं करून घेण्याचा त्याचा काळ साधारण 12 ते 14 आठवड्यांपर्यंतच मोठ्या प्रमाणात उघडा असतो. चौथ्या दिवसापासून रोज एक नवी गोष्ट, कडेवर घेऊन: रिक्षाचा आवाज, छत्री, दाढीवाला माणूस, मिक्सर. दहा मिनिटं, आणि त्याने मान फिरवली की परत.

पुन्हा गाडी

मोठ्या प्रवासानंतर गाडीत बसायला नकार देणारी पिल्लं बरीच असतात, त्यांच्या लेखी गाडी म्हणजे मळमळ. पहिला आठवडा डॉक्टरांची फेरी सोडून गाडी बंद. नंतर उभ्या गाडीत, दार उघडं, इंजिन बंद, दोन खाऊ, आणि खाली. हे तीन दिवस. मग दार लावून, मग इंजिन चालू करून, तरीही जागचं हलायचं नाही. लाळ गळायला लागली की आदल्या पायरीवर. त्यानंतर घराला एक चक्कर, पोट दोन-तीन तास रिकामं असताना. क्रेट गाडीत पट्ट्याने घट्ट बांधलेला हवा, कारण वळणावर सरकणारा क्रेट मळमळ वाढवतो. पहिल्या पाच-सहा फेऱ्यांचा शेवट डॉक्टरांच्या दारात होणार नाही एवढं बघा.